समर्पण : अभंगातले आणि संसारातले

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे आमचे टीकाकार बहुधा ठरलेल्या वाटेने जातात. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि त्याचा कर्ता जन्माने इंग्रज होता, ह्या गोष्टींचे ते अभिमानाने स्मरण करतात. मग तीनशे वर्षे एका ढांगेत ओलांडून ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी येतात व त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून गौरवून त्यांचा निरोप घेतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची कथाही निराळी नाही. त्यातील विनोदाची, घरगुती भाषेची, विसराळू व उधळ्या नवऱ्याच्या चित्राची तारीफ होते. पण ज्या श्रद्धेपायी ते घर मोडले आणि पुन्हा उभे राहिले, तिचे नाव निघताच टीकाकाराची लेखणी संकोचते. दुसऱ्याच्या देवघरात शिरू नये असा काहीसा सभ्य विचार त्यामागे असावा. हा संकोच सभ्य असला तरी वाङ्मयाच्या दृष्टीने महाग पडणारा आहे. ज्या गोष्टीसाठी लेखकाने सर्वस्व पणाला लावले तीच बाजूला सारून त्याच्या शैलीचे कौतुक करणे म्हणजे तेल-वातीचे वर्णन करून ज्योतीविषयी मौन पाळण्यासारखे आहे.

सर्वस्वाचे समर्पण आणि जिवंत श्रद्धा हा ख्रिस्ती जीवनाचा गाभा मानला जातो. व्यासपीठावरून ह्या शब्दांचा उच्चार करणे सोपे आहे. वाङ्मयाच्या समीक्षकाने मात्र त्यांना तीन प्रश्न विचारले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. हे समर्पण कोणत्या भाषेत झाले? त्याची किंमत कोणी मोजली? आणि ते नेमके कोणाच्या चरणी झाले? टिळक पतिपत्नींच्या लेखनाइतकी ह्या तिन्ही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मराठीत अन्यत्र क्वचितच सापडतात. आणि गंमत अशी की ती एकाच्या लेखनात नसून दोघांच्या लेखनात वाटली गेलेली आहेत.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. मराठी बायबलात आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या नित्याच्या बोलण्यात 'श्रद्धा' ह्या शब्दापेक्षा 'विश्वास' हा शब्द अधिक रुळलेला आहे. आपल्या कानांना श्रद्धा देवघरातली वाटते, विश्वास मात्र रस्त्यावरचा, बाजारातला. श्रद्धा आपण देवावर ठेवतो. विश्वास शेजाऱ्यावर, सोबत्यावर, प्रसंगी सावकारावरही टाकतो. 'टाकतो' हे क्रियापदच बोलके आहे. विश्वास टाकणाऱ्याला आपला भार कोठेतरी खरोखरच उतरवावा लागतो, आणि ज्याच्यावर तो टाकला तो फसवील ही शक्यता पत्करावी लागते. समर्पण आणि श्रद्धा यांना जोडणारा दुवा ह्या शब्दात आहे. जिवंत श्रद्धा म्हणजे नुसती मान्यता नव्हे. मान्यतेने काही गमवावे लागत नाही.

टिळकांनी काय गमावले हे पाहण्यापूर्वी ते कोठून आले हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी झाला. संस्कृतचा व्यासंग, कवित्व, वक्तृत्व, देशाच्या उद्धाराची तळमळ, आणि कोठेही स्थिर न राहण्याची वृत्ती हे त्यांचे भांडवल होते. राष्ट्राच्या उत्कर्षासाठी नवा धर्मच मांडावा असाही विचार त्यांच्या मनात एके काळी घोळत होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपीय गृहस्थ भेटला. काव्यावर गप्पा झाल्या, धर्माच्या गोष्टी निघाल्या, आणि त्याने 'नव्या करारा'ची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. पुस्तक वाचीन असा शब्द टिळकांनी दिला व पाळला. आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते तेथून हलेनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो भारतीय पाळकाच्याच हातून व्हावा असा त्यांचा आग्रह होता. आज छत्तीसगढात असलेले ते राजनांदगाव त्या काळी एक लहानसे संस्थान होते. पोटापाण्यासाठी मुलुख सोडून परप्रांतात राहिलेल्या मराठी माणसाच्या आयुष्याला असे वळण आगगाडीत मिळावे, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना तरी परकी वाटू नये. आपल्या गावात, आपल्या आळीत माणसाला जे प्रश्न कोणी विचारू धजत नाही, ते प्रवासात एखादा परका सहज विचारून जातो.

धर्म बदलला तरी टिळकांनी भाषा बदलली नाही. त्यांच्या काव्याचे सर्वांत मोठे कर्तृत्व हेच. त्यांच्या आधीची मराठी ख्रिस्ती गीते पुष्कळशी परक्या चालींत बसविलेली, परक्या शब्दक्रमाने अवघडलेली होती. टिळकांनी ख्रिस्तासमोर उभे राहताना अभंग घेतला, ओवी घेतली, आणि 'चरण', 'दास', 'माउली', 'सद्गुरू' हा वारकऱ्यांनी शतकानुशतके घासून लख्ख केलेला शब्दसंभार जसाच्या तसा बरोबर नेला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. 'अभंगांजली' वाचताना हा पूल पायांखाली जाणवतो. ख्रिस्ताला माउली म्हणताच येशूच्या चरित्रातील करुणा मराठी माणसाच्या ओळखीची होते; तिच्यावर भाष्य करण्याची गरज उरत नाही. मराठी चर्चमधील 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांना मोठे स्थान मिळाले ते उगाच नव्हे.

परंतु ह्या सामर्थ्यातच एक उणीव दडलेली आहे, आणि तीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या भाषेत समर्पण शतकानुशतके गायिले गेले त्या भाषेत ते फार सुलभ होऊन बसते. दास म्हटले की चरण येतात, चरण आले की शरण येते. यमक जणू कवीच्या आधी जाऊन नम्र होते. तुकारामांच्या गाथेत हा धोका टळला आहे, कारण तेथे शरणागतीच्या शेजारी भांडण आहे. तुकोबा विठ्ठलाला जाब विचारतात, त्याच्यावर रुसतात, त्याच्या देवपणाचीच शंका घेतात. म्हणून जेव्हा ते पायांवर डोके ठेवतात तेव्हा त्या डोक्याचे वजन वाचकाला जाणवते. टिळकांच्या भक्तिकाव्यात आर्तता आहे, विरह आहे, देशबांधवांसाठी तळमळ आहे. भांडण मात्र फार थोडे आहे. त्यांचे मन एकदा दिले की दिले. माणूस म्हणून ही त्यांची थोरवी असेल. पण काव्यात त्यामुळे समर्पणाचा निकाल दिसतो, त्यामागचा खटला दिसत नाही. पूल तुकारामांचा घेतला, पण पुलाखालचे पाणी मागे राहिले.

ते पाणी 'स्मृतिचित्रां'त वाहते आहे. लक्ष्मीबाईंच्या ह्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला. चौथा भाग प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९३६ साली, त्या निवर्तल्या. हा ग्रंथ सुरू होतो तो नवऱ्याच्या धर्मांतरापासून नव्हे, वडिलांच्या सोवळ्यापासून. १८५७च्या धामधुमीत आजोबा फाशी गेले, त्या प्रसंगाचा धक्का वडिलांच्या मनाला बसला आणि त्यातून शिवाशिवीचे एक वेडच त्यांच्या डोक्यात शिरले. धुणे, शिंपडणे, पुन्हा धुणे ह्या चक्रात सारे घर भरडले गेले. लक्ष्मीबाई हे इतक्या हसतखेळत सांगतात की वाचक प्रथम केवळ हसतो. पुढे त्याच्या ध्यानात येते की ग्रंथाचा पाया येथेच घातला गेला आहे. ज्या बाईच्या बालपणी शुद्धता म्हणजे भीती होती, तिला पुढे ह्या भीतीतून स्वतःच्या पायांनी बाहेर यावयाचे आहे.

पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्या नातलगांच्या आश्रयाला होत्या, पदरी लहानगा दत्तू. पुढची वर्षे विरहाची, लोकनिंदेची, वेड लागावे इतक्या दुःखाची गेली. ह्याच दुःखात त्यांनी पद्ये रचली. जिला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते आणि जिची अक्षरओळख नवऱ्याच्याच खटपटीने झाली होती, ती बाई त्याच नवऱ्याच्या वियोगाने कवयित्री झाली. कालांतराने त्या अहमदनगरास टिळकांजवळ गेल्या, पण धर्म न बदलता, आपली चूल आणि आपले सोवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. अखेर जातिभेदाचे बंधन सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. माणसे सारखीच जन्मतात, सारखीच मरतात. मग हा भेद देवाने केला की माणसांनी, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, त्याचे उत्तर स्वतःच काढले, आणि ते उत्तर मिळाल्यावर त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. धर्मांतराच्या आत्मकथनांचा एक साचा असतो. बाबा पदमनजींनी आपल्या आत्मचरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिले, त्यातच तो साचा दिसतो: आधी रात्र, मग पहाट. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात अशी पहाट नाही. तेथे दिवस आणि रात्र दोन्ही बाजूंना आहेत. जुन्या घरातही माया होती आणि नव्या समाजातही क्षुद्रता भेटते. बाप्तिस्म्यानंतर टिळकांचा तापटपणा गेला नाही, हाती पैसा टिकू लागला नाही, आणि लक्ष्मीबाईंची जीभही बोथट झाली नाही. त्या कोणाला काही पटवून देण्यासाठी लिहीत नाहीत. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर वाचकाचा विश्वास बसतो. आम्ही तर असे म्हणू की ह्या ग्रंथातील विनोद हाच तिच्या जिवंतपणाचा पुरावा आहे. मेलेल्या श्रद्धेला आपल्यावर कोणी हसलेले खपत नाही. लक्ष्मीबाई आपल्या कविवर्य, संतवृत्तीच्या, सर्वस्व अर्पण केलेल्या पतीला हसतात, स्वतःला त्याहून अधिक हसतात, आणि त्या हसण्याने ना पती लहान होतो ना त्याचा देव.

आता दुसरा प्रश्न: किंमत कोणी मोजली? टिळकांनी आप्त गमावले, समाजातील स्थान गमावले. पण तो सौदा त्यांनी स्वखुशीने केला होता. लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. जेथे तेथे सर्वस्वाच्या समर्पणाची महती गायिली जाते, तेथे ते 'सर्वस्व' एकट्याचे होते काय हा प्रश्न विचारण्याची प्रथा नाही. ख्रिस्ती संतचरित्रांतच नव्हे, आपल्या संतचरित्रांतही तुकोबांच्या जिजाईला कजाग ठरवून हा प्रश्न गाडला गेला आहे. तिचे म्हणणे तिच्या शब्दांत कोणी लिहून ठेवले नाही. मराठीच्या सुदैवाने टिळकांच्या संसारातील 'जिजाई'च्या हाती लेखणी आली. तिने नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, आणि आधीच क्षमा करून त्याला निर्दोषही सोडले नाही. जे घडले ते, ज्या दिवशी जसे वाटले तसे, सांगितले. ह्यावर कोणी म्हणेल की अखेरीस पत्नीही त्याच धर्मात आली, तेव्हा तक्रारीला जागा कोठे? आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. शेवट गोड झाल्याने मधली पाने पुसली जात नाहीत, आणि लक्ष्मीबाईंनी ती पुसलेली नाहीत. टिळकांच्या निष्ठेचे मोल कमी न करता असे म्हणावे लागते की जिची संमती घेतली गेली नव्हती तिने ते समर्पण पुढे स्वतःच्या विचाराने स्वीकारले, तेव्हाच ते ह्या घरापुरते पूर्ण झाले. टिळकांनी १८९५ मध्ये जे दिले ते त्यांच्या वाट्याचे होते. उरलेले १९०० पर्यंत शिल्लक होते.

तिसरा प्रश्न 'कोणाच्या चरणी' हा. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्या बहुसंख्य वाचकांना आज्ञापालन आणि समर्पण यांतील भेद समजावून सांगावयास नको. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलवावेच लागते. त्यात निष्ठा असू शकते, कर्तव्यबुद्धी असते, पण त्याला कोणी भक्ती म्हणत नाही. धर्मसंस्थांना मात्र ह्या भेदाचा वारंवार विसर पडतो, आणि आपल्यापुढे नमविलेली मान देवापुढे नमली असे त्या धरून चालतात. ह्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे स्मरण अवश्य झाले पाहिजे. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेचच त्यांचा वाद सुरू झाला तो त्यांना आश्रय देणाऱ्या धर्मभगिनींशीच. त्यांची पत्रे वाचणाऱ्याला दिसते की देवापुढे सर्वस्व ठेवावयास सिद्ध असलेली ही विदुषी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणत्याही पंथाच्या हाती द्यावयास तयार नव्हती. पुढे १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले की आरंभीची कितीएक वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे. धर्म स्वीकारणे आणि जिवंत विश्वास लाभणे यांतील अंतर इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी मोजले असेल. ते अंतर त्यांनी कशाने भरून काढले हे केडगावच्या 'मुक्ति'सदनाने दाखविले: १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या, आणि आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली, का, तर फारसे न शिकलेल्या बायकांनाही ते समजावे.

टिळकांचेही तसेच झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांची बरीच वर्षे गेली, 'ज्ञानोदय'चे संपादन त्यांच्याकडे आले, मानमरातब मिळाला. पण मिशनचा पगार घेणाऱ्या उपदेशकाचे बोलणे देशबांधवांच्या कानांना पगारी वाटते, हे शल्य त्यांच्या मनात होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे तेथे एकत्र बसावेत अशी ती कल्पना होती. ती फार काळ नांदली नाही; १९१९ च्या मे महिन्यात टिळकांचे देहावसान झाले. तिच्या यशापयशाची चर्चा आम्ही येथे करीत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की ज्याने १८९५ मध्ये सर्व दिले अशी ख्याती होती त्याला बावीस वर्षांनी असे आढळले की आपल्याजवळ द्यावयाचे अजून काही उरले आहे. समर्पण एकदाच होते ही समजूत चरित्रकारांच्या सोयीची आहे. खरे पाहता ते दरवेळी नव्या वस्तूपाशी येऊन अडते: आज जातीपाशी, उद्या पगारापाशी, परवा आपल्याच नावलौकिकापाशी.

आणि सर्वांत मोठा पुरावा वाङ्मयाच्याच रूपाने आपल्यापुढे आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य ओवीछंदात लिहावयास घेतले होते. आरंभीचे अध्याय झाले आणि ते काम तसेच राहिले. पतीच्या पश्चात ते हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. एकेकाळी ज्या नावाने त्यांचा संसार उधळला, त्या नावाचे चरित्र त्यांनी सुमारे चौसष्ट अध्यायांत, पतीच्या भागाहून कितीतरी पटींनी अधिक, लिहून काढले. शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्तांनी जोडला, आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' सर्वत्र सारखे उतरलेले नाही. कथा पुढे नेण्याच्या भरात पुष्कळ ठिकाणी ओवी सपाट होते, आणि टिळकांच्या रचनेतील नाद पुढे टिकत नाही. मात्र जेथे प्रसंग घरातला आहे, दुःख बाईचे आहे, तेथे 'स्मृतिचित्रां'ची लेखिका जागी होते. ह्या अपुऱ्या काव्यात जे पुरे आहे ते असे, की तीन हातांनी लिहिलेला हा ग्रंथ हीच त्या घराच्या विश्वासाची खरी नोंद आहे. एकाने आरंभ केला, एकीने भार वाहिला, एकाने गाठ मारली.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. टिळकांचे अभंग आणि लक्ष्मीबाईंचे गद्य ही दोन वेगळी पुस्तके म्हणून वाचण्याची पद्धत आता सोडावी. तुकारामांच्या एकाच गाथेत शरणागती आणि भांडण जसे शेजारी नांदतात, तसे ते येथे पतिपत्नींमध्ये वाटले गेले आहेत. 'अभंगांजली' एकटी वाचली तर समर्पण गोड वाटते, पण त्याची किंमत कळत नाही; 'स्मृतिचित्रे' एकटी वाचली तर किंमत कळते, पण ती कशासाठी मोजली हे नीट उमगत नाही. शांता गोखले यांनी केलेला 'स्मृतिचित्रां'चा संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ साली निघाल्यापासून मराठी न येणाऱ्या शेजाऱ्यांच्याही हाती हा ग्रंथ देता येतो, ही परप्रांतात राहणाऱ्या आमच्या वाचकांना विशेष आनंदाची गोष्ट आहे. अभंगांची सोय मात्र तशी सहज होणारी नाही. ते मराठीतच वाचावे लागतात, आणि शक्यतो मोठ्याने. वाचकाने ख्रिस्ती असण्याची त्यासाठी काहीच गरज नाही. ज्याने कधी कोणावर आपला सारा भार टाकला आहे, किंवा दुसऱ्याने टाकलेला भार न विचारता वाहिला आहे, त्याला दोन्ही पुस्तके समजतील. आणि आपल्या घरात ह्या दोहोंपैकी कोणते काम कोणाकडे आले, याचाही त्याला क्षणभर विचार करावा लागेल.